टमाट्याएवढं बोंड

"ओढू नको वं बाई, फुलाचं तोंड फाकते!"

गादीची खोळ शिवताना माय असं ओरडायची. छापाचं कापड करिष्मा आडवं ताणायची, गुलाबाची पार भाकर व्हायची, आणि माय हसत हसत तिच्या मुठी सोडवायची. माय जाऊन किती वर्षं झाली. पण आज लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या तोच आवाज कानात घुमला.

पिंपळगाव राजातल्या त्या घरात, वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी, स्टुलावर लॅपटॉप होता. भावानं, गणेशदादानं, पुण्याहून धाडलेला, जुना, कालच खामगावच्या दुकानातून नीट होऊन आलेला. पडद्यावर मोताळ्याच्या स्थळाचा फोटो. निवृत्ती कपाशीत उभा, हातात हिरवं बोंड, तोंडभर हसू. हो की नाही, संध्याकाळी निरोप द्यायचा होता.

केसरआत्यानं पदर तोंडाला लावला. "बाप्पा! जावई घरात घ्याचा तं दाराची चौकट काढा लागीन!"

करिष्माच्या बापाला, दयारामला, पोरगा दिसतच नव्हता. "त्याचं सोड, केसर. बोंड पाह्य, बोंड! टमाट्याएवढं! हा कोणता बीटी आला? आपल्या बियाण्याच्या पाकिटावर चित्र ढोल्या बोंडाचं, अन् वावरात लागले बोरं. करिष्मे, हो म्हणून टाक पोरी! बियाण्याचं नाव इचारून घिऊ."

गेल्या हंगामापासून बापाचा चेहरा असा उजळला नव्हता. सकाळपासून विचारलं की करिष्मा एवढंच म्हणे, "पाहू."

फोटो मात्र ती चोरून चोरून पाहत होती. आणि आता तिला दिसलं: निवृत्तीच्या मागं उभ्या फटफटीचं चाक आडव्या अंड्यासारखं होतं. बोंडाचा वाण नवा असेल, पण चाकाचा कुठून येणार?

फुलाचं तोंड फाकते!

"ओढलं आहे!" ती ओरडलीच. "आत्या, चित्र ओढलं आहे!"

बोटं भराभर चालली. सेटिंग उघडलं, रिझोल्युशन सापडलं. या रुंद पडद्यात आडवे तेराशे सहासष्ट ठिपके, उभे सातशे अडुसष्ट. पडदा घडला तेव्हाच बसवलेले, त्याचं जन्माचं माप. दुकानदारानं आडवे एक हजार चोवीसच ठेवलेले, जुन्या चौकोनी पडद्याचे.

"लहान खोळ मोठ्या गादीवर चढवली, आत्या! उंची बराबर, रुंदी कमी. मंग पडदा ताणून ताणून अंगभर करते!"

बोट तेराशे सहासष्टवर गेलं आणि थबकलं. चाक गोल झालं तर बोंडही आक्रसणार. मग बापाचा होकारही आक्रसणार. पण ताणलेल्या फुलावर होकार घेणं तिला जमेना. तिनं बटण दाबलं.

पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. चाक गोल. निवृत्ती सडसडीत. बोंड? त्यांच्याच वावरातल्यासारखं, बेताचं.

"अगं माय!" आत्या टाळी वाजवून हसली. "चौकट वाचली!"

"माहं बोंड!" दयाराम उठून उभा राहिला. "माघारी कर, पोरी!"

पडद्यावर पाटी आली होती, आकडे उलटे पळत होते.

"बाबा, थे इचारून राह्यलं, असंच ठिवू का माघारी जाऊ. आपण बोललो नाही तं आपोआप माघारी जाते."

दयाराम वाकून जवळ आला. आधी त्यानं त्या बेताच्या बोंडाकडं पाहिलं, मग पहिल्यांदाच त्यामागच्या चेहऱ्याकडं. "म्हंजे त्याच्या वावरातही आपल्यासारखंच हाये," तो हळूच म्हणाला. "मंग हा एवढा काऊन हसून राह्यला?"

आकडे संपत आले. करिष्मानं 'ठेवा'वर बोट दाबलं.

"त्या हसण्यापायीच माहं हो हाये, बाबा," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज थांबला नाही. "असं बेताचं बोंड हातात घिऊनही असा हसते म्हणून. जाडा दिसत होता, तवाच मले आवडला होता."