पाहुण्यांची घमेली

काऊशुंग शहराच्या दक्षिण टोकाला, पोलादाच्या कारखान्याच्या भिंतीमागे जी गल्ली आहे, तिथे डासाला जन्म घ्यायचा तर आधी शिऊ-ताओची परवानगी काढावी लागे. वय एकोणसत्तर, उंची जेमतेम पावणेपाच फूट आणि अंगात वस्तीच्या डास-पथकाचं पिवळं जाकीट. वस्तीप्रमुख ओउसाहेबांना वाटलं होतं, म्हातारी ते फोटोपुरतं घालेल. ती रोज घालायची. टॉर्च घेऊन कुणाच्याही अंगणात शिरायची, कुंडीखालची बशी उपडी करायची आणि वर ऐकवायची, "पाणी साठवलंयस की मासे पाळलेयस?" कुणी उलट बोललं की त्याचं नाव आरोग्य खात्याकडे जायचं. दोन वर्षांत चाळीस नावं गेली. गल्ली तिला तोंडावर ताई म्हणायची, पाठीमागे काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

ही सगळी समाजसेवेची आवड, असं ओउसाहेब भाषणात सांगत. छे हो! खरं कारण घरात पलंगावर पडलेलं होतं. नवरा कुन-हुओ, तिच्या तोंडी 'म्हातारं माकड', बत्तीस वर्षं भट्टीवर राबला. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि छातीत साठलेली काजळी परत मागितली नाही, केवढा तो मोठेपणा! आता नाकात नळी, उशाशी प्राणवायूचं यंत्र. चार शब्द बोलला की थांबून दम घ्यावा लागायचा. गल्लीत एकाला जरी डेंग्यू निघाला, तरी खात्याची माणसं येऊन घराघरात औषधाचा धूर मारणार. मागच्या वेळी तो धूर विरल्यावरच त्याला घरात आणलं होतं, तरी अकरा दिवस इस्पितळात काढावे लागले. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही. म्हणून गल्लीत ताप नको, म्हणून डास नको, म्हणून पाणी नको. शिऊ-ताओचं गणित इतकं सरळ होतं.

मग चांद्र वर्षाचा सातवा महिना उजाडला आणि भाऊमंडळी आली. त्यांना भुतं म्हणायची सोय नाही, ऐकतात. पाताळातून सुटून महिनाभर वर मोकळी फिरतात आणि त्यांचा मान ठेवायचा म्हणजे दारोदारी पत्र्याच्या डब्यात परलोकात चालणाऱ्या खोट्या नोटांच्या गड्ड्या जाळायच्या. हवा किती खराब ते सांगणारा शाळेवरचा झेंडा एरवीही लालच असे, या महिन्यात जांभळा लागे. म्हणजे मुलांनी श्वास घेणं शक्यतो टाळावं. शिऊ-ताओने यंदा जाहीर केलं, एक नोट जळायची नाही.

समोरची सोयादूधवाली त्साय-लियेन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं? तुझ्या माकडाच्या छातीपायी अख्ख्या गल्लीने कोप ओढवून घ्यायचा?"

"नोटा नको म्हटलंय, पाहुणचार नको म्हटलेलं नाही! त्यांना तोंड धुवायला दारात घमेलं ठेवता ना एक दिवस? महिनाभर ठेवा. वर स्वच्छ टॉवेल टाका. पैशापेक्षा माया मोठी."

"आणि पाणी कधी टाकायचं गं?"

"पाहुणा घरात असताना त्याचं पाणी फेकतात? जनाची नाही तर मनाची तरी ठेव! महिना संपला की टाक."

तोडगा सगळ्यांना पटला. नोटांचा खर्च वाचला, कोपही टळला. तेवीस घरं, तेवीस घमेली. हवा खरोखरच थोडी निवळली, कुन-हुओ एक दिवस खिडकीपाशी बसून पूर्ण वाक्य बोलला. शिऊ-ताओचे पाय जमिनीवर ठरेनात. रोज सकाळी ती टायर तपासायची, गटार तपासायची, फ्लॉवरपॉटमध्ये बोट घालायची. घमेल्यापाशी आली की मात्र हात जोडून, तोंड फिरवून पुढे. भाऊंच्या पाण्यात डोकावायचं नसतं. आपल्या चेहऱ्याशेजारी दुसरा दिसला तर काय घ्या!

बाविसाव्या दिवशी तिलाच ताप भरला. हाडन् हाड ठणकायला लागलं, डोळ्यांमागे कुणी दाभण खुपसल्यासारखं. लक्षणं तिला तोंडपाठ होती, गल्लीला तीच तर वाचून दाखवायची. नवऱ्याला म्हणाली, "ऊन लागलंय." मग मच्छरदाणी लावून आत बसली, म्हणजे आपल्याला चावलेला डास त्याच्याकडे जायला नको. चाळीस नावं खात्याला कळवलेल्या बाईने स्वतःचं नाव मात्र गिळलं. अंगावर लाल पुरळ आलं, तिने लांब बाह्या घातल्या. तिसऱ्या दिवशी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं, तिने नळ जोरात सोडला. ती घाबरली होती, फार घाबरली होती. पण फवारणी नको.

चौथ्या दिवशी सकाळी दारात मास्क लावलेली दोन माणसं आणि त्यांच्यामागे इस्त्रीच्या शर्टातले ओउसाहेब. खात्याच्या बाईने काही न विचारता तिचं बोट टोचलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. "काकू, आत्ताच्या आत्ता इस्पितळात. अजून एक दिवस काढला असता तर अवघड होतं."

दुसऱ्याने तेवढ्यात दारातल्या घमेल्यात टॉर्च मारली. भाऊ तोंड धुऊन गेले असतील नसतील, अळ्या मात्र मजेत पोहत होत्या. शेजारी तेच. त्याच्या शेजारीही तेच. ओउसाहेबांनी सवयीने फोटो काढला, मग आपण कुठे उभे आहोत ते आठवून पुसून टाकला.

शिऊ-ताओ भिंतीला धरून उभी राहिली आणि समोर बोट केलं. "तूच ना गं कळवलंस! नोटांचा सूड घेतलास ना!"

"मी?" त्साय-लियेनच्या हातात दुधाचा पळा तसाच राहिला. "अगं, मी तर ढोल वाजवून कळवलं असतं! पण मला माहीत कुठे होतं? तीन दिवस दिसली नाहीस, तर म्हटलं, सुखाचे दिवस आले."

खात्याच्या बाईने हातातला कागद पाहिला. "फोन याच घरातून आलाय. पुरुषाचा आवाज. नाव-पत्ता सांगायला नऊ मिनिटं लागली म्हणे."

शिऊ-ताओ आत गेली. कुन-हुओ उशीला टेकून बसला होता, फोन मांडीवर, ओठ निळसर.

"म्हाताऱ्या माकडा, तू? माझं नाव दिलंस?"

"तू चाळीस दिलीस." तो थांबला. यंत्र दोनदा घरघरलं. "मी... एकच."

"अरे, फवारणी होणार! मरशील!"

"मरेन की. पण तू... माझ्याआधी... नाही."

तिला त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं कळेना. पिवळ्या जाकिटासकट ती खाली बसली आणि हुंदके देऊन रडली.

त्साय-लियेन चपला बाहेर काढून आत आली होती. "रडणं झालं असेल तर ऐक. दुपारी धूर मारायच्या आत ह्याला माझ्या बहिणीकडे नेते, नदीपलीकडे. तिथे धूर नाही. तू येईपर्यंत राहील."

"तुला ह्यातलं काय कळतं? सोयादूध गाळायचं काम आहे का हे?"

"नाही कळत. म्हणून तर विचारतेय. दाखव."

बाहेर रुग्णवाहिका येऊन थांबली. शिऊ-ताओने नाक पुसलं, यंत्रापाशी सरकली आणि काटा कुठे ठेवायचा, नळी वळली तर काय करायचं, वीज गेली तर प्राणवायूची टाकी कुठली, ते एकेक करून दाखवलं. सहा वर्षांत त्या यंत्राला तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.