शेवटचं टोक बनुबाईचं

भिऊ नका, साप नव्हे मी! खुंटीवर वेटोळं करून टांगलेला दोर आहे, आणि आज मला बोलायचंय. बैलाचा कासरा नव्हे, विहिरीवरचा पाणी शेंदायचा दोर नव्हे. मी रस्सीखेचीचा दोर. सत्तर हात लांब, तीन पेडी, अस्सल घायपाताचा. खटाव तालुक्यात, वडूजपासून चार मैलांवरच्या एका गावच्या महिला मंडळाच्या मालकीचा. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात. पण ते माणसांसाठी. मी बिनधास्त करणार.

माझा जन्म शहात्तर सालातला. त्या आधी मी बांधावर काटे काढून उभा होतो. बाहत्तरच्या दुष्काळात सगळं रान जळून गेलं, तरी घायपात हिरवा होता, आता बोला! त्याची पाती कापायची, ओढ्याच्या डबक्यात कुजवायची, बडवायची, धुवून वाळवायची, मग त्यातून पांढरा वाख निघतो. हे काम बनुबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं, आकारामचं. गावाच्या खालच्या अंगाला मातंग वस्ती आहे. दोर वळणं हा तिथला पिढीजात धंदा. गावात एक बैल असा नव्हता की ज्याच्या गळ्यात बनुबाईच्या हातचा दोर नाही.

मला वळलं तो दिवस अजून आठवतो. एका टोकाला आकाराम लाकडी फिरकी फिरवत बसला होता आणि दुसरं टोक बनुबाईच्या कमरेशी होतं. पीळ चढायला लागला की दोर आखडतो आणि टोकाच्या माणसाला पुढं खेचतो. मी तर भलताच आडदांड! मी तिला खेचायला लागलो. बाईनं काय केलं? हात छातीशी घट्ट धरले, टाचा मातीत रोवल्या आणि मागं रेलून आभाळाकडं बघत उभी राहिली.

"सोडशील बग!" आकाराम ओरडला.

"ईस वरसं झाली, कवा सोडलाय व्हय?" ती म्हणाली.

तासभर आमची दोघांची झोंबाझोंबी चालली. शेवटी मी तिचं ऐकलं. तिच्या हातातला तो ताण माझ्या अंगात कायमचा बसला.

आता मला कुणी मागवला ते सांगतो. गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा मनुबाई. नवरा फौजेत सुभेदार, म्हणून सगळं गाव त्यांना सुभेदारीणबाई म्हणायचं. त्यांच्याकडं ग्रामसेविका पद्माताई यायच्या. वाईची मुलगी, गोड बोलणारी, पण कामात कडक. पंचायत समितीकडून मंडळाला अनुदान आलं होतं. त्यातून एक सतरंजी घेतली, बालवाडीच्या पाट्या घेतल्या आणि उन्हाळ्यात वडूजला तालुक्याचा महिला मेळावा होता, त्यातल्या रस्सीखेचीच्या सरावासाठी मी. अनुदानाच्या कागदावर एक अट होती, मंडळात गावातल्या सगळ्या वस्त्यांमधल्या बायका सभासद पाहिजेत.

"घाला की नाव," असं म्हणून मंडळानं बनुबाईच्या दारात जाऊन कागदावर तिचा अंगठा घेतला. झालं, अट पुरी! त्यानंतर मनुबाईंच्या घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी अंथरून पाच सभा झाल्या. पाचांपैकी एकीचंही बोलावणं खालच्या वस्तीत गेलं नाही. अहो, हसावं की रडावं? दुष्काळात ह्याच सगळ्या जणी एका रांगेत बसून खडी फोडत होत्या. पाऊस पडला, ओढा वाहिला आणि पुन्हा इकडच्या इकडं, तिकडच्या तिकडं.

बनुबाई मला डोक्यावर घेऊन सोप्याच्या पायरीशी आली. मनुबाई म्हणाल्या, "ठेव बने तितंच." मग मंडळातली रंगूबाई लगबगीनं आतून तांब्या घेऊन आली आणि तिनं माझ्यावर पाणी शिंपडलं. तेव्हा कुठं मला आत घेतलं! मी मघापासून जिच्या डोक्यावर होतो, जिनं मला जन्म दिला, तिचा हात म्हणे धुऊन काढायचा. माझ्या तर अंगाचा नुसता तिळपापड झाला. बनुबाई बघत होती. ती एवढंच म्हणाली, "माजं नाव हाय म्हनं मंडळात. मग सभेचं बोलावनं कसं येत न्हाई?"

रंगूबाई तांब्या घेऊन आत वळली. ती गेली.

सराव खळ्यावर सुरू झाला. शाळू काढून झाला होता, खळं मोकळं होतं. इकडं मंडळाच्या सात बायका, कासोटे घट्ट मारून, आठवी अजून मिळत नव्हती, आणि तिकडं तालमीतली चार पोरं. शिट्टी झाली की आमच्या बायका काय करायच्या? विहिरीतून पोहरा शेंदावा तशा एका हातामागून दुसरा हात टाकत मला ओढायच्या! जन्मभर तेच केलेलं, हाताला तेच ठाऊक. हात सुटला की पोरं हिसडा द्यायची आणि सातही जणी फुफाट्यात. रोज हाच तमाशा. पोरं पोट धरून हसायची. अशा ओढण्यानं माझं एक टोकही उसवलं.

चौथ्या दिवशी खळ्याच्या कडेच्या बाभळीखालून आणखी एक हसू आलं. बनुबाई सरपणाचा भारा घेऊन उभी होती.

"दात काय काडतीस गं?" रंगूबाई धूळ झटकत उखडली.

"आवं, पानी शेंदताय का दोर वडताय? हात हलवू नगा. हात जिथल्या तितं. टाच रवायची, अंग मागं टाकायचं आनि पायानं वडायचं."

"तू शिकिवनार व्हय आमाला?"

"दोर मी वळलाय, रंगूबाई. त्यो कसा वडायचा ह्ये मला न्हाई तर कुनाला म्हाईत?"

पद्माताई त्या दिवशी तिथंच होत्या. त्या मनुबाईंना म्हणाल्या, "बनुबाई तुमच्या सभासद आहेत ना? मग संघात का नाहीत? मेळाव्यात मला यादी वाचायची आहे. खोटी यादी मी वाचणार नाही."

मनुबाईंचा चेहरा पडला. त्या पुढं होऊन म्हणाल्या, "बरं, ये बने. शेवटचं टोक धर."

आणि बनुबाई चक्क "न्हाई" म्हणाली!

"न्हाई म्हंजी?"

"तवा पानी शिंपडून घेतलासा दोर. आता मी हात लावला तर परत शिंपडनार का? आनि मी सोडल्यावर आनि एकदा? तांब्या पुरायचा न्हाई, सुभेदारीनबाई. मला आदी सभंचं बोलावनं धाडा. सगळ्यास्नी जसं धाडता तसं. सतरंजीवर बसंन, मगच टोक धरीन." एवढं बोलून तिनं माझं उसवलेलं टोक लांबूनच पाहिलं. "ह्ये तेवडं दुरुस्तीला घरी पाटवून द्या," म्हणाली आणि भारा उचलून चालू लागली. शाब्बास बाई! मला टाळ्या वाजवता येत नाहीत हे त्या दिवशी फार खटकलं.

मी दुरुस्तीला बनुबाईच्या घरी गेलो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव बघत असताना, मनुबाई कुंकवाचा करंडा घेऊन खालच्या वस्तीत उतरल्या. बोलावणं करायला त्या पाटलांच्या घरी जायच्या तशाच, डोक्यावर पदर घेऊन. दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बनुबाई, घरात हायसा का?"

बने नाही. बनुबाई! बनुबाईच्या हातातला वाख खाली पडला. आकाराम तर उठून उभाच राहिला.

मनुबाईंनी कुंकू लावलं. बोलावणं सांगितलं. आता जायचं ना? पण बाई दारातच घुटमळल्या. "लय ऊन हाय," म्हणाल्या, "वाईच पानी दे की गं."

बनुबाई माठापाशी गेली आणि तिथंच थांबली. "खरंच पिनार?"

"तहान लागलीया मला," मनुबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "आनि त्या दिशी पानी शिंपडताना मी गप बसले, ते चुकलं माजं."

गुळाचा खडा आला, पाणी आलं. मनुबाई उंबऱ्याच्या आत बसून घटाघटा प्याल्या. बनुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि माझं उसवलेलं टोक इतकं घट्ट गुंडाळलं की मी कळवळलो.

सभेत ती सतरंजीवर बसली, मधोमध, पद्माताईंच्या शेजारी. रंगूबाई सरकत सरकत कडेला जाऊन बसली, तिचा तोरा तसाच. सरावात मात्र तिला बनुबाईच्या बरोबर पुढं उभं राहावं लागलं, कारण उंचीनं ती त्याच जागेची होती. आणि पंधरा दिवसांत तालमीतल्या पोरांचं हसू बंद झालं. आधी चार पोरं पालथी पडली, मग सहा. मग पोरांना एकाएकी रानात फार कामं निघायला लागली.

वडूजचा मेळावा! केवढा मांडव, केवढी गर्दी! आणि आलेल्या सगळ्या दोरांत मी दणकट, म्हणून पंचांनी ओढायला मलाच निवडलं. आमच्या मंडळानं तीन संघ ओढून काढले. शेवटची गाठ पडली वडूजच्याच मंडळाशी. एकसारखी हिरवी लुगडी नेसलेल्या धिप्पाड बायका, आणि गाव त्यांचंच. पहिल्या येणाऱ्या मंडळाला मंडळघर बांधायचं अनुदान मिळणार होतं, स्वतःची खोली. कुणाच्या सोप्यात पायरीशी थांबायला नको, असं घर. बनुबाईला ते पक्कं ठाऊक होतं. तिनं माझं शेवटचं टोक कमरेभोवती घेतलं आणि पुटपुटली, "आज सोडायचं न्हाई गड्या."

मी म्हटलं, तू धर, मी तुटत नाही.

पहिला डाव आमचा, दुसरा त्यांचा. तिसऱ्यात दोन्ही बाजूंनी असा ताण आला की माझ्या तिन्ही पेडांतून करकर आवाज निघाला. तेवढ्यात रंगूबाईचा पाय घसरला. ती बसलीच खाली! रांग हलली, मी पुढं निघालो, हिरव्या लुगड्यांनी आरोळी ठोकली. संपलं, मला वाटलं.

पण शेवटच्या टोकाला बनुबाई होती. टाचा रोवलेल्या, मान वर, नजर आभाळात. वीस वर्षं जशी उभी राहिली तशीच. सात बायांचा भार तिनं एकटीनं तोलला आणि ओरडली, "रंगूबाई, ऊट! मी हाय मागं! टाच रव!"

रंगूबाई उठली. टाच रोवली. "आता मागं! हात हलवू नगा! मागं!" एक पाऊल. दोन पावलं. आणि हिरवी लुगडी सगळीच्या सगळी रेघेच्या अलीकडं येऊन कोसळली! मांडव दणाणला. आमच्या आठही जणी एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या, हसत होत्या, कुणाचा हात कुणाच्या गळ्यात याचा पत्ता नव्हता. पद्माताईंनी यादी वाचली. शेवटचं नाव बनुबाईचं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

गावात परतलो तर वेशीपासून हलगी कडाडत होती. मला डोक्यावर घेऊन बनुबाई पुढं चालत होती. सोप्याच्या त्याच पायरीशी आली आणि सवयीनं थांबली. पुढं पळत गेलेली रंगूबाई आतून तोच तांब्या घेऊन बाहेर आली. हलगी थांबली.

रंगूबाई खाली वाकली आणि तिनं तांब्यातलं पाणी बनुबाईच्या पायांवर घातलं. धुळीनं माखलेल्या, भेगाळलेल्या त्या टाचांवर. मग भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला आणि म्हणाली, "आत चला, बनुबाई. तुमी आत आल्याबगार आमी कुनी जायाच्या न्हाई."

अजून काय हवं दोराला?

आता एकोणऐंशी साल चाललंय. मंडळघर उभं राहिलं, बालवाडी तिथंच भरते, सगळ्या वस्त्यांची पोरं एकाच सतरंजीवर धिंगाणा घालतात. बनुबाई मंडळाची उपाध्यक्षा आहे. मी खुंटीवर आहे. तीन उन्हाळे ओढून ओढून माझा वाख आता विरलाय. यंदाच्या मेळाव्याला नवा दोर लागेल, ते मला कळतं. कुरकुर नाही. माझा उरला वाख बालवाडीच्या झोपाळ्याला लावा, म्हणजे झालं.

फक्त एक मागणं आहे. नवा दोर दारात आला की तांब्या बाहेर आणा, जरूर आणा. उन्हातून आलेली असते ती. वळणारीला आधी पाणी प्यायला द्या.