मार्टाने पाठवलंय

आईच्या कपाटातली शेवटची फाइल डॉक्टर फेअरलींची होती.

आई मार्चमध्ये गेली. मे महिन्यात मी तिचं ट्रॅव्हल ऑफिस बंद करायला गावी आले. सस्कॅचेवनमधलं गव्हाचं गाव, समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. तरी सव्वीस वर्षं ती इथे बसून माणसांना अलास्काच्या जहाजांवर चढवत होती. तिचा एकच हट्ट असे. जहाज सुटायच्या दिवशी धावत पोचायचं नाही. तीन दिवस आधी व्हँकुव्हर गाठायचं, शहर पायाखाली घालायचं, मग बोट. ते तीन दिवस ती स्वतः आखून द्यायची. लोक जहाज विसरत, ते तीन दिवस लक्षात ठेवत.

डॉक्टर बायकोला घेऊन आले.

"लारिसा, मार्टाने मला शब्द दिला होता," ते म्हणाले. "रिटायर झालो की तिचे ते तीन दिवस."

"हा नकाशा उलटा धरतो," जोनबाई म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिही हं. चाळीस वर्षं याने लोकांना न वाचता येणाऱ्या चिठ्ठ्या दिल्या, आता त्याचा सूड उगवू दे कुणीतरी."

डॉक्टर हसले. मीही हसले.

"फार गुणी बाई होती," जाताना ते म्हणाले. "अशी अचानक..."

"अचानक नाही, डॉक्टर. फेब्रुवारीत ती तीनदा आली होती तुमच्याकडे."

ते भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले. "त्याबद्दल मला बोलता येत नाही. क्लिनिकच्या वकिलांनी सांगितलंय. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. जबडा दुखतो, जिना चढताना दम लागतो, मळमळतं, असं ती तिन्ही वेळा सांगून आली होती आणि तिन्ही वेळा ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन परतली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी तिला लसूण कमी खायला सांगितलं. ते तिने फोनवर मला हसत हसत ऐकवलं. "आम्हा बोयचुकांच्या घरात लसूण कमी! त्यापेक्षा मरण परवडलं." गोळ्यांचं अर्धं पाकीट अजून तिच्या टेबलाच्या खणात होतं.

मला भरपाई नको होती. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: ती तीनदा आली आणि मी तिला परत पाठवलं.

त्या आठवड्यात मी आईच्या वहीतल्या माणसांना फोन करत होते. हॉटेलवाले, बसवाले, खाणावळवाले. यातल्या बहुतेकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं तिचा आवाज ऐकला होता, नाताळला तिची कार्डं घेतली होती. प्रत्येकाला सांगायचं, प्रत्येकाचा "कशाने?" ऐकायचा. व्हँकुव्हरचं पान तेवढं राहिलं होतं. डॉक्टर निघून गेल्यावर मी वही मिटली. व्हँकुव्हरच्या माणसांना आता डॉक्टरच सांगतील.

आखणी मी मन लावून केली. घाई नाही, चढ नाही, रांग नाही. सगळं बुकिंग आईच्या नावावर. तिची पद्धतच ती होती.

"कुठेही गेलात की सांगायचं, मार्टाने पाठवलंय," मी डॉक्टरांना म्हणाले.

"बस, एवढंच?"

"एवढंच."

बुधवारी दुपारी हॉटेलातून ग्वेनचा फोन आला. "तुमच्या पाहुण्यांना पाण्याकडची खोली दिलीय. आणि काय गं, मार्टा रिटायर झाली म्हणे? आम्हाला पत्ता लागू न देता? लबाड बाई!"

"कोण म्हणालं?"

"तुमचे डॉक्टरच. मी विचारलं, कशी आहे आमची मार्टा? म्हणाले, मजेत आहे, काम सोडलंय आता."

मजेत. तेव्हाच ग्वेनला खरं सांगता आलं असतं. मी तिचे खोलीबद्दल आभार मानले आणि फोन ठेवला.

गुरुवारी चहाघरातल्या मिसेस लॅम रडत बोलल्या. त्यांच्याशी खोटं बोलणं डॉक्टरांना जमलं नव्हतं. तिथे आईचं कार्ड गल्ल्याशेजारी चिकटवलेलं आहे. "अचानक गेली म्हणाले. मी विचारलं, तुम्ही डॉक्टर ना, तुम्ही गावात नव्हता का? तर म्हणाले, चहा गार झालाय, दुसरा आणा. दिला मी दुसरा. लारिसा, हा माणूस तुमचा कोण?"

"आईचा डॉक्टर," मी म्हणाले.

शुक्रवारची सकाळ मी रॉयसाठी राखली होती. रॉय खाडीत छोटी बोट फिरवतो. त्याची स्वतःची बायपास झालेली आहे. आईच्या वहीत फेब्रुवारीच्या पानावर तिच्याच अक्षरात होतं: रॉय म्हणतो जबडा असा दुखणं चांगलं नाही, आजच्या आज डॉक्टर गाठ. बोट दीड तास पाण्यात असते. चहाघरातून उठून जाता येतं. बोटीतून मध्येच उतरता येत नाही.

दुपारी एकला त्याचा फोन आला.

"सांगितलं त्याने," रॉय म्हणाला. "मी विचारलं, मार्टाचा जबडा बरा झाला का, माझं ऐकून गेली होती का कुणाकडे? त्याची बायको म्हणाली, नील, सांग त्यांना. मग म्हणाला, गेली होती. तीनदा. माझ्याकडेच. मी परत पाठवलं."

"असंच म्हणाला? याच शब्दांत?"

"याच शब्दांत. मग रेलिंग धरून उभा राहिला. मी बोट फिरवली, काय करणार?" मग त्याने विचारलं, "तुला हे ठाऊक होतं ना, पोरी?"

"हो."

"म्हणजे मार्टा गेल्याचं मला त्याच्याकडून कळावं, अशी तू सोय केलीस. त्याला टोचायला मी सापडलो तुला. मार्टाने माझा असा वापर केला नसता."

"नाही, तिने नसता केला," मी म्हणाले.

"जहाज पकडेल तो. पोचवलं मी धक्क्यावर," असं म्हणून रॉयने फोन ठेवला.

अडीचला डॉक्टरांचा फोन आला. मी वाजू दिला. तीनला पुन्हा, मग दर थोड्या वेळाने. जोनबाईंच्या फोनवरूनही एकदा. मी आईच्या खुर्चीत बसून माझा मोबाइल टेबलावर थरथरताना बघत होते. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. ते म्हणून त्यांना मोकळं वाटलं असतं. इथले पाच म्हणजे तिथले चार, जहाज सुटायची वेळ. पाचला दोन मिनिटं असताना तो शेवटचा वाजला. त्यानंतर जहाज सुटलं असणार. पुढे सात दिवस बर्फ, पाणी आणि समोर बायको. आईनेही कुणाला इतकं निवांत कधी आखून दिलं नसेल.

एक निरोप ठेवलेला दिसत होता. मी तो ऐकला नाही. पुसलाही नाही.

खणातलं गोळ्यांचं पाकीट मी त्यांच्या फाइलमध्ये घातलं, फाइल खोक्यात टाकली. मग वही काढून व्हँकुव्हरचं पान उघडलं आणि ऑफिसच्या फोनवरून ग्वेनचा नंबर लावला.

पलीकडे तिला आईचाच नंबर दिसला असणार. "या, या, रिटायर बाई!" ती हसत ओरडली. "आत्ता आठवण झाली होय आमची?"