राखण्या टीव्हीवर आला

जानकूने टोपी सारखी केली, सदऱ्याच्या खिशातून बोटभर उंचीचा प्लॅस्टिकचा शिंगवाला बाहुला काढला आणि टीव्हीसमोर सतरंजीवर उभा केला.

"दिसू दे त्यालाबी," तो म्हणाला.

अक्षदा फिसकन हसली. उज्ज्वलाने तिला कोपराने ढोसलं.

जानकू आज्याला घोडेगावला उज्ज्वलाच्या आत्याकडे, म्हणजे अक्षदाच्या घरी, आणायचा बेत या दोघी मामे-आते बहिणींचाच. बिस्किटाच्या पुड्यात 'गगनवीर' मालिकेतली प्लॅस्टिकची माणसं फुकट निघत. एकूण अकरा. उज्ज्वलाकडे दहा जमली होती. खुद्द गगनवीर तेवढा मेला निघत नव्हता. अक्षदाकडे गगनवीर दोन, पण शिंगवाला एकही नाही. सरळ अदलाबदल झाली असती. पण उज्ज्वलाच्या डोंगरातल्या गावात टीव्ही नव्हता, आणि मालिका कधीच न पाहिलेल्या जानकूने शिंगवाल्याला भाताच्या कणगीवर नेऊन बसवलं. त्या साली कणगीला उंदीर लागला नाही. झालं! शिंगवाल्याचं नाव पडलं राखण्या, आणि म्हातारा त्याला काही केल्या सोडेना.

"एकदा टीव्हीवर दाखव त्यांना," अक्षदाने सुचवलं होतं. "कसला बदमाश आहे ते कळलं की आजोबा आपणहून देतील."

मालिका लागली. थोड्याच वेळात शिंगवाला आला, वेशीत पाय रोवून, हात पसरून उभा राहिला आणि या नगरीची राख करून टाकीन, असं हिंदीत गरजला.

जानकू गुडघ्यांवर पुढे सरकला.

"अगं बाय! आपला राखण्या! उजे, बग की, कसा हुबा हाय येशीत! काय म्हन्तोय गं त्यो? मला न्हाई उमगत."

उज्ज्वलाला शाळेत हिंदी होतं. शब्द न् शब्द कळला होता. आता नुसतं खरं सांगायचं, की संध्याकाळच्या गाडीत गगनवीर तिच्या मुठीत. तिने आज्याकडे पाहिलं. तोंड उघडं टाकून तो तिच्या उत्तराची वाट बघत होता. तिचा फार जीव होता त्याच्यावर.

"म्हन्तोय... मी हाय तवर गावाला कुणी हात लावायचा न्हाई."

"आसंच! मी काय सांगत व्हतो?" जानकूने मांडीवर थाप मारली.

अक्षदा बघतच राहिली.

"अगं, पण तो तर—"

"गप बस ना गं," उज्ज्वला पुटपुटली. तिला रडू येत होतं.

तेवढ्यात गगनवीर आकाशातून उतरला आणि एका ठोशात त्याने शिंगवाल्याला दरीत भिरकावलं. जानकूचा चेहरा खर्रकन उतरला.

"आरं द्येवा! चांगल्या मानसाला मारलं की रं! मेला का गं त्यो?"

उज्ज्वला सतरंजीची दशी ओढत राहिली.

"नाही हो आजोबा," अक्षदा म्हणाली. "त्याला काही होत नाही. पुढच्या रविवारी येतो परत."

"खरं?"

"दर रविवारी येतो."

जानकूने मोठा श्वास सोडला.

"मंग आमीबी यिऊ की दर रविवारी. उजे, तू हितंच माज्याशेजारी बसायचं हां. तुज्याबिगर त्याचं बोलनं मला कोन सांगल?"