ती तेल भरते
अक्काच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्याचा तिला अभिमान होता. तळ्याकाठच्या वस्तीत तिची लाँड्री होती. गेस्टहाउसच्या चादरी, अभ्रे, पडदे, सगळं तिच्याकडे. नवरा गेल्यापासून एकटीच धुवायची, एकटीच खळ घालायची, आणि बोलायला कुणी नसलं की इस्त्रीवर डाफरायची.

दुपारी लष्कराची हेलिकॉप्टरं छपरांना घासून जावीत तशी यायची. दोरीवरच्या चादरी चिमट्यांसकट उडून शेजारच्या न्हाव्याच्या पत्र्यावर पडायच्या. सगळी वस्ती वर तोंड करून शिव्या घाली. अक्का मात्र ओला हात कपाळावर आडवा धरून बघायची आणि सांगायची, "आली बरं का आमची!"

अक्काची लेक लष्करात हेलिकॉप्टर चालवते, हे वस्तीतल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. अक्कानेच सांगितलं होतं.

तळ्यावर त्यांचा एक खेळ चाले. एक जाडजूड विमान संथपणे जायचं आणि मागे लांबलचक नळी सोडायचं. नळीच्या टोकाला टोपली. हेलिकॉप्टर मागून येऊन आपली सोंड त्या टोपलीत खुपसायचं आणि दोघं तशीच जोडीनं तळं ओलांडायची. वस्तीतले याला 'पाजणं' म्हणत. गाय आली, वासरू आलं. गायीच्या पोटात काय आहे याची कुणी चौकशी केली नव्हती, आणि अक्काची नजर तर वासरावरून हलतच नसे.

खरी गोष्ट वेगळी होती. हा खेळ तळ्यावर सुरू व्हायच्या बऱ्याच आधी लेकीचा फोन आला होता. "आई, मला काम मिळालं. मी तेल भरते." अक्कानं उचलली जीभ लावली टाळ्याला. "एवढं शिकून पंपावरच उभं राहायचं होतं, तर आपल्या चौकातला पंप काय वाईट होता? दुपारी जेवायला तरी घरी आली असतीस!" लेक काहीतरी सांगणार होती, पण थांबली. "बरं," एवढंच म्हणाली. त्यानंतर फोन आले ते 'बरी आहेस ना' आणि 'बरी आहे' यापलीकडे गेले नाहीत. सुटीत घरी येणंही बंद झालं. लोक विचारायचे, लेक काय करते? पंपावर असते असं सांगायला अक्काची मान वाकेना. मग तिनं लेकीला हेलिकॉप्टरात बसवलं, आणि रोज सांगून सांगून तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. निदान रोज डोक्यावरून जाते तरी.

एका दुपारी न्हावी आणि मास्तरीणबाई लाँड्रीत येऊन उभे राहिले.

"अक्का, आता पुरे," न्हावी म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असतो आणि वरून ही धडधड. एखाद्या दिवशी माणूस मरेल माझ्या हातून!"

"तुझ्या हातून केस नीट कापले जात नाहीत, माणूस काय मरतोय!"

मास्तरीणबाई हसल्या, पण हटल्या नाहीत. "अक्का, सुनेचं बाळ दचकून उठतं हो. तुमचीच लेक आहे ना वर? सांगा तिला, जरा लांबून ने म्हणावं."

"सांगेन की."

"सांगेन नको, आत्ताच लावा," न्हाव्यानं टेबलावरचा फोन पुढं सरकवला. "स्पीकरवर. आम्ही पण रामराम करतो पायलटबाईंना."

नाही म्हणावं तर झाकली मूठ उघडते, लावावा तरी तेच. उचलणार नाही, या आशेवर अक्कानं नंबर लावला. लेकीनं लगेच उचलला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. ऐक, इथं सगळी जमलीत. तुझं ते हेलिकॉप्टर जरा पलीकडून ने गं. लोकांना त्रास होतो."

"माझं हेलिकॉप्टर?"

"म्हणजे, तू चालवतेस ते."

इस्त्रीखाली टेबलक्लॉथ पिवळा पडत होता. मास्तरीणबाईंनी ती उचलून उभी केली.

"आई, मी तेल भरते. सांगितलं होतं तुला."

न्हाव्यानं तोंडावर हात दाबला. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"त्या मोठ्या विमानात मागं बसते मी," लेक सावकाश म्हणाली. "काचेतून बघत नळी सोडते. हेलिकॉप्टरं माझ्याकडे येतात. आपल्या तळ्यावरूनच जातो आम्ही."

"अगं बाई!" मास्तरीणबाई ओरडल्या. "म्हणजे गाय तुमची, अक्का!"

पण लेकीला त्या ऐकू गेल्या नसाव्यात. "म्हणजे तू लोकांना हेलिकॉप्टर सांगितलंस," ती म्हणाली. "तेल भरणारी चालली नसती ना, आई?"

अक्का टेबलक्लॉथवरचा पिवळा डाग नखानं खरवडत राहिली.

"वर कळवते मी तक्रार. बहुतेक ऐकतील," लेक म्हणाली आणि फोन बंद झाला.

वरच्यांनी ऐकलं. काही दिवसांतच सगळा खेळ तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेला. चादरी दोरीवर गप लटकायला लागल्या. वस्तीत अक्काचा भाव वाढला. जो तो म्हणे, काय शब्द आहे हिचा लष्करात!

"बरं झालं ना अक्का, शांत झालं," न्हावी म्हणाला.

"तुझं झालं. माझ्याकडे आधीपासूनच शांत होतं."

आणि ती मागच्या अंगणात गेली, कारण लांबून घरघर येत होती. पलीकडच्या डोंगराला लागून दोन ठिपके चालले होते. या खेपेला तिला पुढचा ठिपका बघायचा होता. इतके दिवस तो डोक्यावरून जात होता, काचेतून लेक खाली बघत असेल, आणि आपण बघत राहिलो मागच्याला. आता तर पुढचा कुठला नि मागचा कुठला हेही डोळ्यांना कळेना. ठिपके डोंगराआड गेले.

आत येऊन तिनं लेकीला फोन लावला. उचलणार कोण? ती कामावर होती. तरी रिंग संपेपर्यंत अक्कानं तो कानाला धरून ठेवला.

संध्याकाळी परत लावायचा होता. पहिलं काय बोलायचं ते ती चादरीची घडी घालता घालता मोठ्यानं म्हणून बघायला लागली. "का गं, रागावलीस?" हे नको. "लोक तुझं कौतुक करतात." हे तर नकोच.

"आलीस का गं कामावरून?"

हे बरं वाटलं. तिनं ते पुन्हा म्हणून पाहिलं, जरा हळू. लाँड्रीत कुणी नव्हतं.