दुपारच्या विजेवर हरकत

यज्ञेश्वर घैसासांनी गेली एकोणीस वर्षं वीज नियामक आयोगाच्या प्रत्येक मसुद्यावर हरकत घेतली होती आणि आयोगाने ती प्रत्येक वेळी फेटाळली होती. दोन्ही पक्ष या व्यवस्थेत सुखी होते. 'सूचना व हरकती मागवण्यात येत आहेत' अशी बारीक टायपातली जाहिरात वर्तमानपत्रात आली, की यज्ञेश्वरराव ती भिंगातून वाचायचे, कात्रीने कापायचे आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायचे. ते चार दिवस आनंदीबाई ओट्याशी उभ्याने जेवायच्या. नवरा घरात असूनही कशात नाक खुपसत नाही, ही सोय उभ्याने जेवण्याच्या मोलाची आहे, असं त्यांचं मत होतं.

आनंदीबाईंनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक घरघंटी घेतली आणि थालीपिठाची नि चकलीची भाजणी करून विकायला सुरुवात केली. दुपारी धान्य भाजायचं, चादरीवर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि संध्याकाळी दळायचं, हा त्यांचा क्रम. कोमट धान्य दळलं तर पीठ दमट राहतं आणि लवकर खवट होतं, रात्रभर ठेवलं तर धान्य सादळतं, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात दोन घाणे वाया घालवून पाहिलं होतं. नफा बेताचाच असे. पण इतकी वर्षं मुलांचे प्रयोग तपासल्यावर हा त्यांचा स्वतःचा प्रयोग होता, आणि तो जमला होता. सहकारनगरात लोक आता 'घैसासांची भाजणी' म्हणत, आणि त्यातले घैसास म्हणजे यज्ञेश्वरराव नव्हेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदाचा मसुदा वाचताना मात्र यज्ञेश्वररावांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"अगं, जरा इकडे ये," ते हळूच म्हणाले. "बस आधी."

आनंदीबाई बसल्या. बातमी कुणाच्या जाण्याची असावी असा त्यांचा समज झाला.

"ही माझी सूचना आहे," यज्ञेश्वरराव म्हणाले. "मी मागे केलेली. त्यांनी घेतली."

त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा भीती जास्त होती. सूचना अशी होती, की दुपारी सौरऊर्जा मुबलक असते, म्हणून एक ते चार घरगुती वीज स्वस्त करावी. संध्याकाळी सगळेच दिवे, पंखे, टीव्ही लावतात, म्हणून चार ते दहा ती महाग करावी. आता नवे मीटर बसल्यापासून वीज किती वापरली याबरोबर कधी वापरली हेही कळू लागलं होतं, आणि आयोगाने ती सूचना जवळजवळ जशीच्या तशी उचलली होती. खाली एक टीपही होती. 'घरगुती यंत्रे दुपारी चालवणे सहज शक्य आहे, कारण त्या वेळी घरातील माणसे मोकळी असतात.'

"हे वाक्यसुद्धा माझंच," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"ओळखलं मी," आनंदीबाई म्हणाल्या. "मी तेव्हा दुपारी प्रॅक्टिकल घेत होते."

मग त्यांनी मसुदा स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. तत्त्वात चूक नव्हती. सूर्य दुपारी तळपतो आणि माणसं संध्याकाळी बटणं दाबतात, याला कोण काय करणार. पण त्यांची घरघंटी संध्याकाळी चालायची, आणि वाढीव दरात भाजणीचा बेताचा नफा अगदी धुऊन निघाला असता.

"मग मी दळायचं कधी?"

"दुपारी दळ. धान्य सकाळी भाज. इतकं सोपं आहे."

आनंदीबाईंनी उठून घराचं दार उघडलं. समोर लिफ्टशेजारी सोसायटीचा फलक होता: 'दुपारी १ ते ४ कोणत्याही यंत्राचा आवाज करू नये. मिक्सर हेही यंत्र आहे.' मजकूर यज्ञेश्वररावांचा होता. दुसरं वाक्य त्यांनी तळमजल्यावरून एक शंका आल्यावर जोडलं होतं.

"तो नियम वेगळा, हा नियम वेगळा," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"दोन्ही तुमचेच आहेत."

"तेच म्हणतोय मी. दोन्ही विचारपूर्वक केलेले आहेत."

आनंदीबाईंनी दार लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयोगाला आयुष्यातली पहिली हरकत पाठवली. जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी त्यांचे कागद होते. यज्ञेश्वरराव ओट्याशी उभ्याने जेवले आणि जाता जाता म्हणाले, "सहा प्रती लागतात. आणि 'विनंती' लिहू नकोस, 'मागणी' लिही. विनंती ते वाचतच नाहीत."

वरच्या मजल्यावरच्या दीपाली वाघमारे सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. दिवसभर त्या ऑडिटरच्या ऑफिसात असत आणि संध्याकाळी भाजणी घ्यायला खाली येत. हरकतीची प्रत वाचून त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही काकांच्या विरुद्ध उभ्या राहणार?"

"त्यांच्या नाही. त्यांच्या गृहीतकाच्या."

"घरी येताना एकाच रिक्षाने येणार ना?"

"ते सुनावणीवर अवलंबून आहे."

जाहीर सुनावणी कॅम्पातल्या एका सरकारी सभागृहात होती, आणि दुपारी दीड वाजता. यज्ञेश्वररावांनी दीडच्या वेळेवरच हरकत घेतली होती. पुणे शहरात या वेळी सुनावणी ठेवणं हा लोकसहभाग टाळण्याचा प्रकार आहे, असं लिहून कळवलं होतं. ती हरकत फेटाळली गेली तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. जग अजून जागेवर होतं.

ते इस्त्रीचा शर्ट घालून, पोटभर जेवून आले होते. आपली सूचना मान्य व्हायच्या दिवशी उपाशी जाऊ नये म्हणून त्यांनी वरण-भातावर दोनदा तूप घेतलं होतं. सभागृहात गारवा होता, खुर्च्या गुबगुबीत होत्या.

"झोपाल हं," आनंदीबाई म्हणाल्या.

"मी दुपारी झोपत नाही. डोळे मिटून पडतो. सगळं ऐकू येत असतं."

सुनावणी सुरू झाली. व्यासपीठावर आयोगाच्या अध्यक्षा होत्या, शेजारी दोन सदस्य. पहिल्या गृहस्थांनी घरासमोरच्या विजेच्या खांबाबद्दल बरंच सांगितलं. मसुद्यात खांबाचा उल्लेख नाही असं अध्यक्षांनी म्हटल्यावर, "तीच माझी हरकत आहे," असं म्हणून ते बसले. मग मार्केट यार्डातले कांद्याचे व्यापारी रामदास धुमाळ उठले.

"म्याडम, आमचा बाजार पहाटं भरतो. गाळ्यात दिवं लागत्यात पहाटं. दुपारी आम्ही घोरत असतो. तुमी स्वस्ताई आम्ही झोपल्यावर वाटणार, मंग आम्हाला ती भेटणार कशी?"

"सूर्य दुपारी असतो, धुमाळ," एक सदस्य म्हणाले.

"ते बराबर हाय. पण बिल सूर्याच्या नावानं येत नाय."

सभागृहात हशा पिकला. आनंदीबाईंना तो माणूस आवडला. त्यांनी शेजारी पाहिलं. यज्ञेश्वररावांची मान उजव्या खांद्यावर विसावली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि मांडीवरचे कागद एकेक करून खाली घसरत होते.

"यज्ञेश्वर घैसास," कारकुनाने पुकारा केला.

आनंदीबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

"ऐकतोय," यज्ञेश्वरराव झोपेतच म्हणाले.

आनंदीबाई क्षणभर थांबल्या. आणखी एकदा ढोसलं असतं तर ते जागे झाले असते, उठून अर्धा तास बोलले असते आणि त्या भाषणाखाली भाजणी गाडली गेली असती. दुसरीकडे, एकोणीस वर्षांनी आलेला हा दिवस होता. त्यांनी पुन्हा कोपर लावलं, जरा जोरात. प्रयोगाच्या नियमाप्रमाणे दोन वाचनं तरी घ्यावी लागतात.

"ऐकतोय म्हटलं ना," यज्ञेश्वरराव म्हणाले, आणि त्यांनी कूस बदलण्याचा प्रयत्न केला.

"घैसास उपस्थित आहेत का?" कारकुनाने विचारलं.

"उपस्थित आहेत," आनंदीबाई म्हणाल्या.

"मग पुढचं नाव घेऊ. आनंदी घैसास."

आनंदीबाई उभ्या राहिल्या. हातातला कागद त्यांनी उघडलाच नाही. वर्गात बोलायच्या तेवढ्याच आवाजात त्या म्हणाल्या, "माननीय आयोगाला या मसुद्यामागचं तत्त्व मान्य आहे, मलाही आहे. दुपारी वीज जास्त तयार होते, हे मी मुलांना शिकवलेलं आहे. चूक आहे ती गृहीतकात. मसुदा म्हणतो, या वेळी घरातली माणसं मोकळी असतात आणि यंत्रं चालवू शकतात. हे तपासून पाहिलंय का कुणी?"

"आपण पाहिलं आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. आता दुपारचे अडीच होत आले आहेत. ज्यांनी ही सूचना केली ते गृहस्थ माझ्या डाव्या हाताला आहेत. आयोगाने स्वतः निरीक्षण करावं."

सगळ्या माना वळल्या. यज्ञेश्वररावांनी नेमका तेव्हाच एक लांब, समाधानी श्वास सोडला. त्याला घोरणं म्हणणं थोडं अन्यायाचं झालं असतं, पण आनंदीबाईंच्या हातातला माइक चालू होता.

हशा इतका मोठा झाला की यज्ञेश्वरराव दचकून उठले. समोर व्यासपीठ, सगळे आपल्याकडे पाहताहेत, हातात कागद नाही. एकोणीस वर्षांची सवय कामी आली. ते ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "माझी हरकत आहे."

"कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"चर्चेत असलेल्या तरतुदीला."

"ती तुमचीच सूचना आहे, घैसास."

यज्ञेश्वररावांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाईंनी पंख्याकडे पाहिलं.

"मग माझा पाठिंबा आहे," ते म्हणाले आणि बसले. एकोणीस वर्षांतलं ते त्यांचं सर्वांत छोटं निवेदन होतं.

"बाई, आपण सकाळी भाजून दुपारी का दळत नाही?" हरकतीची प्रत चाळत अध्यक्षांनी आनंदीबाईंना विचारलं.

"आमच्या सोसायटीत एक ते चार यंत्रांना बंदी आहे."

"कुणी घातली?"

आनंदीबाईंनी डाव्या हाताला पाहिलं. अध्यक्षांनी डोक्याला हात लावला आणि सोसायट्यांचे फलक आयोगाच्या कक्षेत येत नाहीत, असं इतिवृत्तात नोंदवायला सांगितलं.

परतताना रिक्षा एकच होती. स्वारगेटपर्यंत यज्ञेश्वरराव मीटरकडे पाहत होते.

"माझं उदाहरण द्यायची गरज नव्हती," यज्ञेश्वरराव अखेर म्हणाले.

"हाताशी दुसरं नव्हतं."

"कागद तरी उचलायचेस."

"उचललेत. पिशवीत आहेत."

पावसाळा सरता सरता आयोगाचा आदेश आला. दुपारची सवलत कायम, संध्याकाळचा वाढीव दरही कायम. 'काही हरकतदारांनी दुपारच्या विश्रांतीचा मुद्दा मांडला. आयोगाने त्याची नोंद घेतली आहे.'

"नोंद घेतली म्हणजे काय हो?" आनंदीबाईंनी विचारलं.

"फेटाळली," यज्ञेश्वरराव म्हणाले. हे सांगताना त्यांना अजिबात बरं वाटलं नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

त्या संध्याकाळी दीपाली चकलीची भाजणी सांगायला आल्या. आनंदीबाई म्हणाल्या, "दिवाळीची देते. त्यानंतर बघू. पदरमोड करून किती दिवस दळणार?" आणि घरघंटीवर त्यांनी कापड घातलं. स्वच्छ, इस्त्री केलेलं कापड. यज्ञेश्वरराव आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

सकाळी लिफ्टशेजारी नवा कागद लागला. 'दुपारी १ ते ४ या वेळेत घरघंटीस मुभा देण्याचा मसुदा. रहिवाशांकडून सूचना व हरकती मागवण्यात येत आहेत. — य. घैसास.' खाली बारीक अक्षरात: 'मिक्सरला मुभा नाही.'

मुदत संपत आली तरी एकही हरकत आली नाही. उलट तळमजल्यावरच्यांनी थालीपिठाच्या भाजणीची मागणी नोंदवली. यज्ञेश्वरराव अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालू लागले.

"हरकत न आलेला नियम कच्चा राहतो," ते म्हणाले. "उद्या कुणी म्हणेल, लोकांना विचारलंच नाही." आणि शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मसुद्यावर स्वतः हरकत दाखल केली. सहा प्रतींत. एका ज्येष्ठ रहिवाशाच्या विश्रांतीत व्यत्यय येईल, असा मुद्दा होता.

रविवारी दीपालींनी पार्किंगमध्ये सुनावणी घेतली. "काका, हरकतदार तुम्ही, मसुदा तुमचा. मी कुणाकडे बघून बोलू?"

"दोघांकडे समान बघावं," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"मग प्रयोग करून बघा. हरकतदाराने घरात पडून राहावं आणि व्यत्यय येतो का ते सांगावं."

सोमवारी सकाळीच आनंदीबाईंनी धान्य भाजलं. पहिला घाणा करपू दिला नाही, शेवटच्या घाण्यापर्यंत हात हलता ठेवला. दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी धान्यात मनगटापर्यंत हात घालून पाहिला. गार होतं. आतल्या खोलीत यज्ञेश्वरराव पलंगावर ताठ पडले होते, छातीवर वही आणि पेन, व्यत्यय टिपायला. आनंदीबाईंनी कापड काढलं, घडी केली आणि बटण दाबलं.

घरघंटी घुमू लागली. एकसारखा, भरीव, संथ आवाज. दारं थोडी थरथरली आणि मग तीही त्या आवाजात मिसळून गेली. वाटेत एकदा त्यांनी आत डोकावून पाहिलं. वही छातीवर वरखाली होत होती, पेन गादीत गेलं होतं आणि यज्ञेश्वरराव गेल्या कित्येक वर्षांत झोपले नव्हते इतके गाढ झोपले होते.

वरच्या भांड्यातलं धान्य संपलं. त्यांनी बटण बंद केलं. घर एकदम रिकामं झाल्यासारखं शांत झालं, आणि आतून पलंग करकरला.

"बंद का केलीस?" यज्ञेश्वररावांचा त्रासिक, झोपाळू आवाज आला. "माणसाची झोपमोड होते."

"नोंद घेतली," आनंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा घाणा ओतला.