पायरी सांगायची राहिली

दुकानाचं शटर डोक्यावर आदळून काही दिवस झाले होते. तरी दुखणं गेलं नव्हतं. त्या सकाळी काच बसवणाऱ्या कारागिराने औषधांचा डबा पलंगावर पालथा केला. दुखण्यावरची गोळी होती, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी होती, शिवाय मेंदूला ताकद येते म्हणून आणलेली बाटली. बसला की उठावंसं वाटे, उठला की उजेड डोळ्यांत टोचे.

"तुला डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलंय ना?" पलीकडच्या घरात राहणारी त्याची ताई दारातून म्हणाली. तिचा नवरा, म्हणजे दाजी, त्याचा कामातला जोडीदार; तेही तिच्या मागे उभे होते.

"स्कॅन चांगला आला, ताई. आणि औषध काय दिलं, तर आराम! त्याला डॉक्टर कशाला लागतो?" त्याने दुखण्यावरच्या दोन गोळ्या गिळल्या. थोड्या वेळाने म्हणाला, "बघ, ठणका गेला. चला दाजी."

"मेहुणे, तोंड बघा आरशात. आपल्या मालापेक्षा तुम्हीच जास्त आरपार दिसताय," दाजी म्हणाले. पण काम अडलं होतं. निघाले दोघे.

मोठी काच नेताना पुढचा माणूस उलटा चालतो. मागचा सांगेल तेच त्याचे डोळे. मागच्याने 'पायरी' म्हटलं की पुढच्याने न बघता पाय खाली टाकायचा, असा या धंद्याचा विश्वास.

त्या दिवशी मागे कारागीर होता. त्याला पायरी दिसली. शब्द तोंडापर्यंत आला, पण बाहेर पडायला उशीर झाला. दाजींचा पाय पोकळीत गेला. काच भिंतीवर फुटली आणि तिच्या धारेने दाजींच्या शर्टाची बाही उभी चिरली. कातडीवर नुसता ओरखडा उठला.

दवाखान्यात दाजींना पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्याने घरातल्या सगळ्या गोळ्या सांगितल्या आणि विचारलं, "जालीम औषध का दिलं नाहीत मला?"

"असतं तर दिलं असतं. हलक्या माराने हादरलेला मेंदू झटपट बरा करणारी गोळी अजून कुणाकडे नाही. गोळीने दुखणं कमी होतं, मेंदू आपल्या वेळेनेच सावरतो. एक-दोन दिवस निवांत राहा, मग झेपेल तसं हळूहळू हिंडाफिरायला लागा. कामावर मी सांगेन तेव्हाच. उलट्या झाल्या, दुखणं वाढत गेलं, गुंगी आली, तर मात्र लगेच या. आणि ती झोपेची गोळी आधी शेजाऱ्याला परत करा."

तो घरी येईपर्यंत कुरकुरतच होता. शेवटी ताई म्हणाली, "काच धरून ठेवणारं सिलिकॉन कडेला भरलंस, आणि ते ओलं असतानाच गिऱ्हाईक म्हणालं, वरून रंग मारा, म्हणजे सुकल्यासारखं दिसेल. मारशील?"

"मारला तर काच अंगावर येईल कुणाच्या तरी."

"आज कुणाच्या अंगावर येत होती?"

तो दाजींच्या फाटक्या बाहीकडे बघत राहिला. मग फोन काढून त्याने दुसऱ्या कारागिराला सांगितलं, "उद्यापासून दाजींबरोबर तू जा. मी बरा झालो की येतो."

पडून राहणं सोपं नव्हतं. दर घटकेला कूस बदलत होता, पण उठला नाही.

मंडळी, डोक्याला मार लागला की आधी डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी आराम सांगितला तर तेच औषध समजून घ्या. दुखणं थांबलं म्हणजे माणूस बरा झाला, असं नाही. आणि आपण बरे नसताना कामाला उभे राहिलो, तर त्याची किंमत आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्याला मोजावी लागते.